अभ्यासदौऱ्यावर येणाऱ्यांना पत्र: पुढच्या खेपेला मुकादमांना आणा

प्रति,
कोपनहेगनच्या अभ्यासदौऱ्यावर येणारे आमचे लोकप्रतिनिधी, नगररचना आणि बांधकाम खात्यांतले अधिकारी, आणि त्यांच्यासोबत येणारी आर्किटेक्ट मंडळी यांस,

स. न. वि. वि.

२०१० पासून मी कोपनहेगनमध्ये राहते. एका छोट्या लँडस्केप ऑफिसात नोकरी करते. काम काय, तर फुटपाथच्या लेव्हल काढायच्या, कर्बचे, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडांचे, डिटेल काढायचे, झाडाच्या खड्ड्याचे सेक्शन काढायचे. थोडक्यात, फोटोत येत नाही ते सगळं. वर्षाकाठी एकदोनदा तरी महाराष्ट्रातून फोन येतो, "मॅडम, आपली माणसं येतायत, एक दिवस जरा फिरवाल का?" मी फिरवते, आणि मला ते आवडतं. दिवसभर डॅनिशमध्ये 'फाल्ड, फाल्ड' (म्हणजे उतार, उतार) करणाऱ्या बाईला कुणी मराठीत "उतार किती दिलाय?" असं विचारलं की बरं वाटतं.

पण गेल्या जूनमधल्या दौऱ्यानंतर हे पत्र लिहायचंच असं ठरवलं. अकरा जण होते. शहराचं नाव सांगत नाही. ज्यांना वाटेल त्यांनी आपलंच समजावं. सकाळी लिटिल मरमेड, म्हणजे जलपरीचा पुतळा, मग कचरा जाळून वीज करणाऱ्या कारखान्याच्या छतावरचं स्कीइंग, मग पनीर मिळेल अशा ठिकाणी जेवण, आणि उरलेल्या पाऊण तासात 'पब्लिक स्पेसेस'. संध्याकाळ स्ट्रॉइएट या बाजाराच्या रस्त्यावर खरेदीला मोकळी. जलपरीबद्दल माझं काही म्हणणं नाही. एवढ्या लांब आल्यावर ती बघायलाच हवी, आणि बघितल्यावर "एवढीशीच?" असंही म्हणायला हवं. माझी तक्रार त्या पाऊण तासाबद्दल आहे.

ऑस्टरब्रो भागात टॉसिंगे प्लाड्स नावाचा लहानसा चौक आहे. डिसेंबर २०१४ मध्ये तो नव्या रूपात खुला झाला. आधी तिथे बरंचसं डांबर आणि उभ्या गाड्या होत्या. आता खोलगट वाफे आहेत, रानटी वाढल्यासारखी झुडपं आहेत, आणि मध्ये उलट्या केलेल्या छत्र्यांसारखी धातूची उंच शिल्पं आहेत. बस थांबली आणि सगळे छत्र्यांकडे गेले. "आपल्या गार्डनमध्ये अशा पाच-सहा बसवल्या तर?" असं एकांनी म्हटलं. दुसऱ्यांनी लगेच एका छत्रीचा खर्च विचारला. ग्रुप फोटो झाला.

एक गृहस्थ मात्र छत्रीकडे गेले नाहीत. ड्रेनेज विभागाचे उपअभियंता. यादीतल्या कुणाचं तरी येणं ऐनवेळी रद्द झालं म्हणून आलेले, स्वतःच तसं सांगत होते. ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले होते. तिथे कर्बचा दगड वीतभर तोडलेला आहे, आणि त्या फटीतून रस्त्यावरचं पाणी शेजारच्या वाफ्यात उतरतं. साहेबांनी फटीत दोन बोटं घातली. सडकी पानं, ओली वाळू आणि एक सिगारेटचं थोटूक बाहेर काढलं, हातावर धरलं आणि मला विचारलं, "मॅडम, हे कोण काढतं?"

इतक्या वर्षांत कुठल्याही दौऱ्यात मला विचारलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आता देते. जरा मागून सुरू करावं लागेल.

२ जुलै २०११, शनिवारची संध्याकाळ. मी २६ जुलै २००५ मुंबईत काढलेली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, आणि मी सायनहून घाटकोपरपर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून, अनोळखी माणसांच्या साखळीला धरून चालत गेले होते. त्यामुळे इथे ढग फुटले तेव्हा मी खिडकीत चहा घेऊन उभी होते. दोन-अडीच तासांत दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. म्हणजे आपल्याकडचा जुलैतला एखादा बरा दिवस. समोरच्या घरातल्या आजी घाबरून दाराशी टॉवेल लावत होत्या आणि मी, खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात हसत होते. मग तळघरात गेले. तिथे आईने दिलेली ट्रंक होती. पाणी वरून आलेलं नव्हतं. ते मोरीच्या जाळीतून वर येत होतं, आणि वासावरून कळत होतं की ते नुसतं पावसाचं नाही.

जुन्या कोपनहेगनात बहुतेक ठिकाणी पावसाचं पाणी आणि संडासाचं पाणी एकाच पाइपातून जातं. पाइप भरला की तो सगळ्यात खालच्या तोंडातून ओकतो, आणि सगळ्यात खालचं तोंड म्हणजे लोकांची तळघरं. त्या एका संध्याकाळचं नुकसान सहा अब्ज क्रोनरच्या घरात गेलं. उत्तरेकडून शहरात येणाऱ्या महामार्गावर गाड्या पाण्यात अडकून पडल्या. नंतर तळघरं साफ करणाऱ्यांपैकी एक माणूस लेप्टोस्पायरोसिसने, म्हणजे तुंबलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाने, दगावला. ही बातमी वाचली तेव्हा मला हे शहर पहिल्यांदा ओळखीचं वाटलं. लेप्टो म्हणजे काय हे ऑफिसात मला कुणाला विचारावं लागलं नाही. त्या दिवशी मीच सगळ्यांना सांगत होते.

ढगफुटीला डॅनिशमध्ये 'स्क्यूब्रुद' म्हणतात. स्क्यू म्हणजे ढग, ब्रुद म्हणजे फुटणं. शब्दाला शब्द. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की मी घरी फोन करून सांगितलं, आणि घरच्यांनी शांतपणे विचारलं, "ट्रंक वाचली का?"

तर २०१२ मध्ये महापालिकेने स्क्यूब्रुद प्लॅन केला. सुमारे तीनशे कामं, वीस वर्षांचा पल्ला. त्यातली अट साधी आहे: शंभर वर्षांत एकदा येईल असा पाऊस आला तरी रस्त्यावर दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी साचायचं नाही. दहा सेंटिमीटर म्हणजे ढोबळ मानाने फुटपाथच्या कडेएवढं. दारात येईल पण उंबरा ओलांडणार नाही. नुसते मोठे पाइप टाकले तर काय पडेल, आणि पाइप, बोगदे, रस्ते, बागा असं सगळं मिळून केलं तर काय पडेल, याचा हिशेब मांडला गेला. दुसरा मार्ग स्वस्त निघाला. आपल्याकडच्या सादरीकरणांत ही गोष्ट कधी येत नाही. तिथे हिरवाई नेहमी जास्तीचा खर्च म्हणून येते, सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीतून, करू म्हणून येते.

मग शहराचा नकाशा पाण्याच्या उतारावर पुन्हा वाचला गेला. प्रत्येक गल्लीला काम वाटून दिलं. काही रस्ते पाणी वाहून न्यायचे: ते मधून किंचित खोलगट, नेहमीच्या उलट. काही रस्ते पाणी अडवून धरायचे. छोट्या गल्ल्या पाणी मुरवायच्या. आणि जिथे जमीन आपोआप खोल आहे तिथले चौक, मैदानं, बागा या साठवणीच्या जागा. शिवाय जमिनीखाली मोठे बोगदेही खणले जात आहेत, नुसत्या झुडपांवर कुणी भरवसा ठेवलेला नाही. टॉसिंगे प्लाड्स हा या नकाशातला एक ठिपका. आधी पाण्याचा नकाशा झाला, मग त्यावर पैसा बसला, आणि चौक सगळ्यात शेवटी आला. तुम्ही छत्रीपासून सुरुवात करता, तेव्हा गोष्ट शेवटच्या पानापासून वाचत असता.

त्या चौकात दोन प्रकारचं पाणी येतं. छपरांवरचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ, ते खेळायला, झाडांना चालतं. रस्त्यावरचं पाणी वेगळं: त्यात तेल, टायरची झीज, आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ. मीठ झाडं मारतं. म्हणून दोन पाण्यांच्या वाटा वेगळ्या, आणि रस्त्याचं पाणी आधी मातीच्या थरांतून गाळायचं. ती गाळणारी माती ठरावीक मापाची असते, नर्सरीतून आणलेली कुठलीही लाल माती नव्हे. आणि या सगळ्याच्या तोंडाशी ती वीतभर फट. फट तुंबली की सुंदर बाग तेवढी उरते. पाणी पुढे निघून जातं, पुढच्या चेंबरला, पुढच्या तळघराला.

साहेब, तर उत्तर असं: फट माणूस साफ करतो. देखभालीच्या कंत्राटात ती लिहिलेली असते. वर्षातून किती वेळा, कुठल्या महिन्यात, पानगळीत किती, ढगफुटीनंतर किती दिवसांत. आमच्या ऑफिसात नवं ड्रॉइंग करताना पहिला वाद नेहमी यावरच होतो: इथे झाडूवाली गाडी वळेल का, इथे वाकायला माणसाला जागा आहे का. डिझायनर लोकांना हा वाद रटाळ वाटतो. मलाही सुरुवातीला वाटायचा.

आता वेस्टरब्रोमधल्या एंगहेवे पार्कबद्दल. तिथे तुमची बस थांबलीच नाही, कारण बसमधून बघण्यासारखं काही दिसत नाही. १९२० च्या दशकाच्या शेवटी झालेली ही जुनी, शिस्तीतली बाग: लिंबाच्या झाडांच्या सरळ रांगा, गुलाबाचा भाग, मधोमध हौद. (हा लिंब म्हणजे युरोपातला लिंडन, आपला कडुलिंब नव्हे; गेल्या खेपेला यावरून दहा मिनिटं गेली होती.) पुढे गाजलेले आर्किटेक्ट आर्ने याकॉब्सेन तेव्हा नवखे होते, त्यांनी या बागेसाठी छोटे मंडप केले होते. म्हणजे हात लावायला कुणीही बिचकेल अशी जागा. २०१९ च्या अखेरीला ती दुरुस्त होऊन उघडली, आणि आता तिच्या पोटात २२,६०० घनमीटर पाणी मावतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दोन हजार दोनशे साठ टँकर.

कुठे मावतं, हे शोधायला मी प्रत्येक गटाला दहा मिनिटं देते. बहुतेकांना सापडत नाही. बाग कार्ल्सबर्गच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे, जमीन एका बाजूला हळूच उतरते. उतरत्या बाजूंनी गुडघ्याएवढी, मग मांडीएवढी होत जाणारी एक भिंत आहे. लोक तिच्यावर बसून आइसक्रीम खातात, मुलं तिच्यावरून चालतात. भिंत वरून सपाट, जमीन खाली जाते, म्हणून एका टोकाला ती नुसती पायरी वाटते आणि दुसऱ्या टोकाला कट्टा. हा कट्टा म्हणजे बांध. गावच्या शेताला असतो तोच. फाटकांच्या जागी भिंतीत अंतर सोडलंय, आणि पाणी चढू लागलं की त्या अंतरातले अडसर पाण्याच्याच जोराने वर येतात. हॉकीचं मैदान खाली खोदून बसवलंय, ते आधी भरतं. रोजच्या पावसासाठी जमिनीखाली वेगळी टाकी आहे. आठवड्याचे सातही दिवस तिथे मुलं खेळतात आणि त्यांना आपण धरणाच्या तळाशी खेळतोय याची कल्पना नसते. मी एकदा एका मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "मग भरणार कधी?"

हा तुमचाही प्रश्न असतो. पूर्ण भरलेली ही बाग मी अजून पाहिलेली नाही. ज्यांना पुरावा हवा त्यांनी पूल ओलांडून स्वीडनमध्ये, माल्मोला जावं. रेल्वेने पाऊणएक तास. तिथल्या ऑगस्टेनबोर्ग या जुन्या, साध्या वसाहतीत नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून उघड्या नाल्या, तळी आणि हिरवी छपरं केली गेली. आर्किटेक्चरच्या मासिकात मुखपृष्ठावर यावं असं त्यात काही नाही. नाल्या आपल्या कोकणातल्या अंगणाच्या पन्हळीसारख्या. ३१ ऑगस्ट २०१४ ला माल्मोवर ढग फुटले. शहराच्या इतर भागांची दैना झाली. ऑगस्टेनबोर्गला मात्र आसपासच्या वस्त्यांपेक्षा बरीच कमी झळ बसली.

सांक्त केल्स प्लाड्स या मोठ्या चौकाबद्दल थोडक्यातच सांगते. डांबर उखडून तिथे पाचशेच्या वर झाडं लावली, आणि रस्ता त्यांच्यातून वळत जातो. "नुसती झाडी माजलीय" असं गटातल्या एका ताईंनी म्हटलं, आणि त्यांचं अगदीच चूक नव्हतं. झाडी माजू द्यायची असंच ठरलेलं आहे. छाटलेल्या कडांचा मेंदीचा वाफा पाणी पीत नाही.

आता पैसा. यातला बराच पैसा पाणीपट्टीतून येतो. कायद्यात बदल झाला आणि पाणी-मलनिस्सारण कंपनीला पाइपाऐवजी रस्त्यावर, बागेत, जमिनीच्या वर खर्च करायची मुभा मिळाली. कागदावरची ही एक ओळ कुठल्याही छत्रीपेक्षा महत्त्वाची आहे. तुमच्याकडे उद्यान खातं वेगळं, रस्ते वेगळे, ड्रेनेज वेगळं, आणि पर्जन्यजल वाहिनीचा निधी बागेतल्या मातीवर खर्च केला तर ऑडिटवाला विचारणार. इथेही विचारायचे. तो प्रश्न कसा सोडवला ते विचारायला महापालिकेत वेळ मागा, भेट मिळते. त्या भेटीत कॉफी आणि दालचिनीचे पाव मिळतात, ते पनीरपेक्षा चांगले असतात.

प्रत्येक दौऱ्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "यांच्या लोकांना सिव्हिक सेन्स आहे हो, आपल्याकडे नाही चालणार." हे वाक्य मी आता ओठांच्या हालचालीवरूनच ओळखते. ज्या स्ट्रॉइएटवर तुम्ही खरेदी करता तो रस्ता १९६२ मध्ये गाड्यांना बंद झाला तेव्हा दुकानदारांनी कडाडून विरोध केला होता. धंदा बसेल, आणि डेन्मार्कची माणसं काही इटलीतल्यासारखी रस्त्यावर भटकणारी नव्हेत, या थंडीत फिरणार कोण, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे 'आपल्याकडे नाही चालणार' हेच, डॅनिशमध्ये. यान गेल या इथल्या आर्किटेक्टने आणि त्यांच्याबरोबरच्यांनी त्या काळात काय केलं? चित्रं काढण्याआधी माणसं मोजली. कागद-पेन्सिल घेऊन कोपऱ्यावर उभं राहायचं: किती चालले, किती थांबले, किती बसले, कुठे बसले. न्यूहाव्नचा तो रंगीत घरांचा धक्का, ज्याच्यापुढे तुमचा सेल्फी आहे, तिथे १९८० पर्यंत गाड्या उभ्या राहायच्या. नॉरपोर्ट स्टेशनचा चौक २०१५ मध्ये नवा झाला तेव्हाही आधी लोकांच्या पायवाटा शोधल्या आणि त्या मोकळ्या ठेवून उरलेल्या जागेत छपरं बसवली. सायकलींसाठी तिथे फरशी थोडी खाली घेतलीय, म्हणजे सायकलींचा समुद्र नजरेच्या जरा खाली राहतो. ही कल्पना कुणाही गवंड्याला पाच मिनिटांत समजते.

सिव्हिक सेन्सचं दुसरं उदाहरण म्हणून तुम्ही बंदरातली पोहण्याची जागा दाखवता. लाकडी धक्का, उड्या मारणारी पोरं. इथलं पहिलं हार्बर बाथ २००२ मध्ये इस्लँड्स ब्रुगेला सुरू झालं. त्याआधी कित्येक दशकं हे पाणी पोहण्याच्या लायकीचं नव्हतं, कारण पाऊस आला की त्याच एकत्र पाइपांतलं मैलापाणी बंदरात सोडलं जायचं. ती तोंडं बंद केली, साठवण टाक्या बांधल्या, मग पोरांनी उड्या मारल्या. आजही जोराचा पाऊस झाला की लाल झेंडा लागतो आणि सगळे मुकाट्याने बाहेर येतात. लोक चांगले म्हणून पाणी स्वच्छ झालं असं काही घडलेलं नाही. पाइप बदलले, म्हणून आता लोकांना चांगलं वागणं परवडतं.

आर्किटेक्ट मंडळींसाठी एक वेगळी ओळ. तुम्ही दौऱ्यात 'सस्टेनेबल' हा शब्द किती वेळा वापरता याची मी एकदा बोटं मोजत होते, दुसऱ्या हाताची संपल्यावर सोडून दिलं. इथे २०२३ पासून हजार चौरस मीटरच्या वरच्या नव्या इमारतींना कार्बनची मर्यादा घातलीय: दर चौरस मीटरला वर्षाला बारा किलो. जुलै २०२५ पासून ती आणखी कडक झाली. आता पहिल्या मीटिंगलाच एक्सेल शीट उघडते आणि काँक्रीटवाल्याचा चेहरा पडतो. ओरेस्तादमध्ये लेंडेगर या ऑफिसने केलेली घरं बघा: भिंतींना जुन्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या विटा आहेत. विटा सुट्या करता येईनात, कारण सिमेंटचा मसाला विटेपेक्षा कडक. चुन्यातलं बांधकाम असतं तर विटा सहज सुटल्या असत्या. म्हणून भिंतीचे साधारण मीटरभराचे चौकोन कापून काढले आणि तसेच बसवले, गोधडीसारखे. आपल्याकडे वाडा पाडला की विटा, तुळया, दारं जुन्या बाजारात जातात, तेव्हा त्याला कुणी पुरस्कार देत नाही. द्यायला हरकत नाही.

आणि इथलं सगळं जमलंय असं समजून जाऊ नका. तुम्ही ज्या कारखान्याच्या छतावर गेलात, हिरव्या प्लास्टिकच्या उतारावर जिथे दोघांनी भाड्याचे बूट घालून फोटो काढले, तो अमायर बाके. वरचा स्कीचा उतार २०१९ मध्ये उघडला. कल्पना म्हणून मला तो आवडतो. कारखान्याला पाठ न दाखवता त्याच्या डोक्यावर बसायचं, यात मजा आहे. पण भट्ट्या शहराच्या गरजेपेक्षा मोठ्या झाल्या आणि त्या पेटत्या ठेवायला बाहेरच्या देशांतून कचरा आणावा लागला. २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचा या शहराचा गाजलेला संकल्प होता, तो २०२२ मध्ये सोडावा लागला, कारण याच कारखान्यात धुरातला कार्बन पकडायची योजना वेळेत उभी राहिली नाही. हे तिथल्या माहितीपटात नव्हतं. तसाच बंदरावरचा नवा सायकल पूल, इंदरहाव्न्सब्रोएन. काही वर्षं उशिरा, मधे ठेकेदार कंपनी दिवाळखोरीत, आणि २०१६ मध्ये उघडला तेव्हा मधोमध अशी वाकडी वळणं की सायकलवाल्यांनी डोक्याला हात लावला. मी रोज त्यावरून जाते. वळणापाशी अजून ब्रेक दाबते.

पाऊस वेगळा आहे, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. कोपनहेगनला वर्षभरात जेवढा पडतो तेवढा लोणावळ्याला काही दिवसांत पडू शकतो. वीतभर फटीतून तुमच्या जुलैचं पाणी जाणार नाही, मातीचा थर वेगळा लागेल, झुडपं वेगळी लागतील, आणि मेमध्ये ती जगवायची कशी हा प्रश्न इथल्या कुणाला कधी पडलेलाच नाही. डास आहेत. उघड्या नाल्यात आठ दिवसांत काय काय येऊन पडेल हे मला तुम्ही सांगायची गरज नाही. म्हणूनच म्हणते, छत्री नेऊ नका, डिटेलही जसंच्या तसं नेऊ नका. पण तुमच्या शहराच्या विकास आराखड्यावर ओढे-नाले निळ्या रेषेने जिवंत दाखवलेत का, की त्यांवर आरक्षणाचे रंग चढलेत, एवढं तरी घरी गेल्यावर बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यात आंबिल ओढ्याने पूर आणून आपली जागा लोकांना दाखवून दिली होती. कोपनहेगनला यायच्या आधी त्या ओढ्याच्या काठाने एकदा चालून आलात तर इथला अर्धा दिवस वाचेल.

आता विनंती. पुढचा दौरा जूनमध्ये ठेवू नका. ऑक्टोबरच्या शेवटी या, किंवा नोव्हेंबरात. गारठा असतो, चार वाजता अंधारायला लागतं, हॉटेल स्वस्त मिळतं, आणि पानगळ असते. पानगळीत सगळ्या फटी तुंबतात, माणसं ब्लोअर आणि फावडी घेऊन बाहेर असतात, आणि त्यांच्याशी बोलता येतं. त्यांना बोलायला आवडतं. ड्रॉइंग काढणाऱ्यांना शिव्या द्यायला तर फारच. पाऊस लागला तर दौरा रद्द करू नका, उलट मला आधी फोन करा, मी ऑफिसातून रजा घेऊन येईन. कारखान्याचं छत एका तासात उरका. जलपरी सकाळी लवकर, गर्दी नसताना. मग दिवसभर पायी.

आणि अकरापैकी निदान दोन जागा अशा माणसांना द्या ज्यांनी कधी पासपोर्ट काढलेला नाही. एक तुमचे सफाईचे मुकादम. दुसरे उद्यान खात्यातले माळी, त्यातही जे निवृत्तीला आलेत आणि ज्यांना कुठल्या गल्लीत कुठे पाणी तुंबतं ते तोंडपाठ आहे. टिपणी लिहिताना कारण काय द्यायचं हा प्रश्न पडेल. 'तांत्रिक सल्लागार' लिहा. व्हिसाला लागणारं निमंत्रणपत्र कसं मिळवायचं ते मी बघते. डॅनिश येत नाही, इंग्रजी येत नाही, ही अडचण नाही; दुभाषी मी आहे, आणि तुंबलेल्या चेंबरभोवती उभ्या असलेल्या दोन माणसांना दुभाषी फारसा लागतही नाही.

गमबूट आणू नका, सामानात वजन होतं. माझ्याकडे पाच जोड्या आहेत, तळघरात. वरच्या फळीवर ठेवल्यात.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कोपनहेगनमधली ड्रॉइंगवाली

ता. क. : पत्र पुरं करताना त्या उपअभियंता साहेबांचा व्हॉट्सॲप आला. फोटो पाठवलाय. कुठल्या तरी दुभाजकाचा एक कर्बस्टोन काढलेला आहे, शेजारी पहार पडलीय, आणि गढूळ पाणी आत मातीत उतरतंय. खाली लिहिलंय, "ठेकेदार म्हणतो ड्रॉइंगमध्ये नाही, परत बसवतो. ड्रॉइंग असेल तर पाठवा." रात्री साडेबाराला बसून काढलं आणि पाठवलं. साफ करायच्या तारखांचा रकाना रिकामा ठेवलाय, तो त्यांचे मुकादम भरतील.